"बरं हाय" म्हणणाऱ्या आई-बापांच्या मुंबईकर लेकरांना, गावच्या डॉक्टरकडून

नमस्कार मंडळी,

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, जिथं कुठं आपली सातारच्या जावळी तालुक्यातली माणसं पसरलीयेत त्या सगळ्यांना हे पत्र. मी मेढ्याच्या अलीकडं एका गावात सत्तावीस वर्षं दवाखाना चालवतेय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी लहानपणापासून ओळखते, कुणाच्या कानातलं ज्वारीचं दाणं काढलंय, कुणाला कुत्रं चावलं तेव्हाच्या सुया दिल्यात. आता तुम्ही यात्रेला येता, देवळापाशी भेटता, "मॅडम, आईकडं लक्ष असू द्या" म्हणता आणि पहाटेच्या गाडीनं परत जाता. ते लक्ष कसं चाललंय हे तुम्हाला सांगायचं राहून जातंय म्हणून लिहायला बसलेय. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा आणि जमलं तर तुमच्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. एक आजी, वय चौऱ्याहत्तर, दोन दिवस जुलाब अंगावर काढून तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या आधारानं आल्या. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, उलट्यांनी पाणीसुद्धा पोटात टिकेना म्हणून सलाईन लावलं होतं. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला, लेकाचा फोन. ऐकू कमी येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर, त्यामुळं मलाही सगळं ऐकू आलं.

"आये, कुठंयस?"

"हितंच की, परड्यात."

"जेवलीस का?"

"व्हय, भाकरी खाल्ली आत्ताच."

"तब्येत?"

"बरं हाय रं. तू जप."

हाताला सलाईन, पोटात दोन दिवस अन्नाचा कण नाही, आणि आवाज इतका खणखणीत की मलाच खरं वाटावं. फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्येला नाईट असती, दिसा झोप हुईत न्हाय, कशाला घोर लावायचा?"

मंडळी, हे "बरं हाय" मी रोज ऐकते. छातीत दुखतंय तरी बरं हाय, तीन दिवस ताप तरी बरं हाय, न्हाणीत पडून मनगट सुजलंय तरी बरं हाय. तुमच्या आई-बापांनी अख्खा जन्म रानात आणि तुमच्या काळजीत काढला, स्वतःचं दुखणं सांगणं म्हणजे लेकराच्या डोक्यावर ओझं टाकणं असं त्यांना मनापासून वाटतं. ते खोटं बोलत नाहीत, ते तुम्हाला जपतायत. पण त्यामुळं होतं काय की तुम्हाला तिकडं वाटतं सगळं ठीक आहे आणि इकडं माझ्यासमोर जे माणूस येतं ते दोन दिवस, दोन आठवडे, कधी दोन महिने उशिरा येतं. म्हाताऱ्या शरीराला एवढा उशीर परवडत नाही.

मी तुम्हाला रागावत नाहीये हे आधीच सांगते. माझे वडील स्वतः माथाडी होते. १९६६ साली अठराव्या वर्षी ट्रंक घेऊन गेले ते मशीद बंदरला, गाळ्यात पंधरा माणसं पाळीपाळीनं झोपायची, क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढायची. १९६९ साली माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांसारखा आपल्याच जिल्ह्यातला माणूस त्यासाठी उभा राहिला म्हणून पुढं माथाडी बोर्ड झालं, हजेरी-फंड मिळायला लागला आणि त्याच फंडाच्या पैशातून मी डॉक्टर झाले. त्यामुळं तुमची दहा बाय दहाची खोली, रात्रपाळी, मार्केटातली हमाली, टेम्पोची ड्रायव्हरी, रजा मागितली की खाडा पडतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. इथं पोटाला नव्हतं म्हणून माणसं गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की लांब राहूनसुद्धा आई-बापांचं दुखणं नीट कळू शकतं आणि सध्या ते तुम्हाला कळत नाहीये.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण यात चूक कुणा एकाची नव्हती आणि माझीही होती.

एका वाडीतल्या आजी, बहात्तर वर्षांच्या. बीपी वाढलं म्हणून मी त्यांना अॅम्लोडिपीन नावाची गोळी चालू केली. चांगली गोळी आहे, स्वस्त आहे, लाखो लोक घेतात. तिचा एक त्रास म्हणजे काही जणांच्या घोट्याला, पावलाला सूज येते. त्यांना आली. दिवाळीत लेकानं त्यांना कोपरखैरण्याला नेलं, तिथं पायाची सूज बघून त्याचा जीव घाबरला, "आईची किडनी गेली की काय", आणि त्यानं चांगल्या डॉक्टरला दाखवलं, रक्त-लघवी, सोनोग्राफी सगळं केलं, पैसे खर्च केले. डॉक्टरांनी विचारलं, आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत? आजी म्हणाल्या, बारकी पांढरी. बारक्या पांढऱ्या गोळ्या हजार आहेत, आणि गोळ्यांची पट्टी राहिली होती गावाला फडताळात. त्यांनी मग आपल्या परीनं बीपीची गोळी लिहिली आणि सूज उतरायला लघवीची गोळी लिहिली. आता बीपीची जी नवी गोळी दिली त्यात दोन औषधं एकत्र होती आणि त्यातलं एक हेच, अॅम्लोडिपीन, फक्त कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा.

आजी परत आल्या आणि इमानदारीनं दोन्हीकडच्या गोळ्या घ्यायला लागल्या, कारण दोन्ही डॉक्टर शहाणे आणि लेकानं पैसे घालवलेत तर वाया कसे घालवायचे. लघवीची गोळी संध्याकाळी घ्यायच्या, त्यामुळं रात्री चारदा उठणं. संडास अंगणाच्या त्या टोकाला. बीपी दुप्पट डोसानं इतकं खाली की उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी. जुलैचा आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, लाईट गेलेली, शेवाळलेली फरशी. खुब्याचं हाड मोडलं. रात्री दोनला पडल्या आणि पहाटे दूधवाला आला तेव्हा कळलं.

१०८ ला फोन केला, गाडी आली, साताऱ्याला नेलं, आणि नशिबानं दोन दिवसांच्या आत ऑपरेशन झालं. खुब्याचं ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं, कारण म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गाठ होते, आणि मग हाडापेक्षा त्यानंच माणूस जातं. त्या वाचल्या, आता वॉकर घेऊन सोप्यापर्यंत, पुढच्या ओसरीपर्यंत येतात. लेक माझ्या दारात बसून रडला, म्हणाला मॅडम मी तर चांगलंच करायला गेलो होतो. खरंच चांगलंच करायला गेला होता. मुंबईच्या डॉक्टरनं हातात जे होतं त्यावर बरोबरच केलं. आणि मी? मी आजींना गोळी देताना ती कशाची आहे, तिनं काय होऊ शकतं, हे कुठं लिहून दिलं नव्हतं. "रोज एक, बंद करू नका" एवढंच सांगितलं होतं. पायाला सूज आली तर आधी मला दाखवा हे एक वाक्य बोलले असते तर ते हाड मोडलं नसतं. तेव्हापासून मी प्रत्येक पट्टीवर स्केचपेननं मराठीत मोठ्या अक्षरात लिहिते, बीपी सकाळी, शुगर जेवणाआधी, आणि वहीत औषधाचं मूळ नाव लिहिते, कंपनीचं नाही. तीन मिनिटं जास्त जातात, बाहेर लोक कुरकुरतात, जाऊ दे.

म्हणून माझं पहिलं मागणं हेच आहे की घरात एक कापडी पिशवी करा आणि आई-बापांच्या सगळ्या गोळ्या, सगळे कागद, जुने ईसीजी त्या एकाच पिशवीत ठेवा, आणि माणूस जिथं जाईल तिथं पिशवी जाईल, मग तो माझा दवाखाना असो नाहीतर वाशी. जत्रेत वैदूकडनं घेतलेली पुडीसुद्धा त्यातच टाका, ती तर आधी टाका. गुडघ्याच्या पुड्या आणि "एका दिवसात फरक" वाल्या काळ्या गोळ्या, त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड कुटून घातलेलं असतं. फरक पडतो, का नाही पडणार, आणि मग शुगर वाढते, हाडं पोकळ होतात, चेहरा गोल होतो, आणि वर्षभर खाऊन एकदम बंद केलं की बीपी इतकं पडतं की माणूस उठत नाही. मेडिकलमधून मनानं आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच, बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वर रोजची पेनकिलर असं तिन्ही एकत्र झालं की म्हाताऱ्या किडनीवर फार ताण येतो. तुम्ही गावाला आलात की पिशवीतल्या प्रत्येक पट्टीचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, आणि हे मला पोटतिडकीनं सांगायचंय. तुमची परवानगी आधीच देऊन ठेवा.

लकवा, पॅरालिसिस. तोंड एका बाजूला वाकडं होतं, एक हात उचलत नाही, बोबडी वळते. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सिटी स्कॅन करून बघावं लागतं की गाठच आहे, रक्तस्राव नाही. आता हिशोब करा. डोंगरातल्या वाडीवरनं खाली रस्त्याला यायला एक तास, तिथनं मेढा, तिथनं साताऱ्याला पंचवीसेक किलोमीटर. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावांना तर आधी लाँच, मग बामणोली, मग कासचा घाट उतरायचा. साडेचार तास म्हणजे काहीच नाहीत. आणि यात आपल्याकडं काय होतं, शेजारी म्हणतात, "पोराला इचारल्याबिगार कसं न्यायचं?" मागच्या उन्हाळ्यात एका बापूंचं असंच झालं. सकाळी आठला हात गळाला, लोक जमले, तेल चोळलं, लेकाला फोन लावला, लेक गोडाऊनला, फोन लॉकरमध्ये. साडेदहाला त्यानं फोन घेतला आणि म्हणाला, अरे मला कशाला विचारता, न्या ना लगेच! अडीच तास गेले. पुढं गाडी, रस्ता, स्कॅन, वेळ निघून गेली होती. बापूंचा उजवा हात कायमचा गेला, आता डाव्या हातानं विडी पेटवतात आणि मी काही बोलले की हसतात.

म्हणून आजच फोन करा, आईला नाही, शेजाऱ्याला करा. त्याला स्पष्ट शब्दात सांगा की रात्री-अपरात्री काही झालं तर मला विचारू नको, १०८ लाव, मॅडमला कळव, मग मला फोन कर, पैशाचं मी बघतो, तुला कुणी बोल लावणार नाही. हे "तुला कुणी बोल लावणार नाही" फार महत्त्वाचं आहे हो. शेजारी मायेनं धावतात पण उद्या काही कमीजास्त झालं तर भावकी आपल्यालाच धरेल या भीतीनं थांबतात.

आता फोनचं. तुम्ही रोज फोन करता, ते चांगलं आहे, पण "कशी आहेस" विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. विचारा, आज कालवण कशाचं केलं होतंस? रात्री किती वेळा उठलीस? निळी गोळी किती उरल्यात, मोजून सांग बघू. चप्पल पायात सैल होतेय का घट्ट? देवळापर्यंत गेली होतीस का आणि वाटेत कुठं टेकलीस? कालवणच सांगता आलं नाही तर समजा दोन दिवस चूल पेटलेली नाही. वाटेत तीनदा टेकावं लागलं आणि पूर्वी लागत नव्हतं, तर तो दम हृदयाचा असू शकतो, मला कळवा. उत्तर द्यायला आई टाळाटाळ करायला लागली तर तेही कळवा.

शुगरवाल्यांसाठी तर जेवणाचं विचारणं म्हणजे औषधच आहे. आपल्याकडं उपास फार, एकादशी, सोमवार, अख्खा श्रावण. गोळी मात्र कुणी चुकवत नाही, "गोळीला उपास नसतो" म्हणतात. एक आजोबा आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घामानं भिजलेले, बडबडतायत, घरच्यांना वाटलं बाधा झाली, अंगारा लावला. शुगर मोजली तर ३८. सत्तरच्या खाली गेली तरी धोका, इथं ३८. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य काय, "पोराला सांगू नगा." ग्लिमेपिराईडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली की असं होतं. थकलेल्या माणसाची शुगर तरण्यासारखी काटेकोर ठेवायला जाऊ नये, थोडी वर राहिली तरी चालते, खाली गेलेली मात्र चालत नाही, आणि हे मी कितीही सांगितलं तरी मुंबईहून लेक रिपोर्ट बघून ओरडतो "एवढी कशी शुगर?" आणि बिचारे बाबा भाकरी अर्धी करतात. ओरडायच्या आधी मला विचारा.

आणखी एक चूक माझी, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. एक माळकरी आजोबा, चाळीस वर्षं वारी केलेले, मांस-अंडं आयुष्यात नाही, दूध विकायला जातं म्हणून तेही चहापुरतं. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. विसरायला लागले. आधी चष्मा, मग पैसे, मग घरचा रस्ता, आणि एक दिवस काकड्याला उभे राहिले आणि हरिपाठाच्या मधल्या ओळीच आठवेनात. पायाला झिणझिण्या येतात म्हणून तक्रार होतीच. सुनेनं मला दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा म्हणाले, "वय झालंय, आता असंच चालायचं." आठ महिने गेले. पुण्याच्या लेकानं तर मनातल्या मनात त्यांना सोडूनच दिलं होतं. मग एका दिवशी चालताना त्यांचा पाय जमिनीवर आपटत पडताना बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं, बी-बारा! मांस-मासे-अंडी नाहीत, दूध नाही, वर मेटफॉर्मिननं हे व्हिटॅमिन आणखी कमी होतं. तपासलं, फार कमी होतं. इंजेक्शनं चालू केली, काही महिन्यांत डोकं बरंच ताळ्यावर आलं, हरिपाठ परत आला, पायाच्या झिणझिण्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, आठ महिने लवकर केलं असतं तर कदाचित गेल्या असत्या. ते आजोबा मला अजून "माउली" म्हणून पाया पडायला वाकतात आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं.

त्या दिवसापासून "वयाचं आहे" हे वाक्य मी तोंडात येऊ देत नाही. म्हातारपण हा रोग नाही, आणि म्हातारपणाच्या नावाखाली किती रोग लपतात. थायरॉईड लपतो, टीबी लपतो, मोतीबिंदू लपतो, ऐकू न येणं लपतं, आणि सगळ्यात जास्त लपतं ते मनाचं दुखणं. आपल्याकडची बाई "मला उदास वाटतं" असं म्हणत नाही. ती म्हणते अंग मोडून आलंय, पोटात कालवतंय, जिवाला चैन न्हाय, झोप लागत न्हाय. दर गुरुवारी माझ्याकडं चार-पाच आज्या ठरवून येतात, बीपी बघायला. पहिल्यांदा मोजलं की जास्त येतं. मी म्हणते बसा जरा, बाकावर बसवते, कुणाच्या रेड्याचं, कुणाच्या सुनेचं ऐकते, मनगट हातात धरून ठेवते, दहा मिनिटांनी परत मोजलं की उतरलेलं असतं. घरी आठवडाभर त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं आणि त्यांना हात लावलेला नसतो. आमच्या कॉलेजात हे शिकवलं नाही, मला हे त्या बाकानं शिकवलं. बरं करणं आणि बरं वाटू देणं यात डॉक्टर लोक फार फरक करतात, मीही करायचे, आता करत नाही.

आता माझ्या बाबांचं सांगते. हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

रिटायर होऊन बाबा गावाला परत आले होते, माझ्याच घरी, खाली दवाखाना, वर आम्ही. मान आणि कंबर पोत्यांनी झिजलेली, शुगर होती. २०१३ च्या श्रावणात दोन दिवस ते जेवताना कमी जेवत होते. मी विचारलं, "बाबा, काय होतंय?" म्हणाले, "काही नाही, जळजळतंय जरा, बरं हाय." खाली पेशंटची रांग होती, साथीचे दिवस, मी सोडा प्या म्हणाले आणि उतरले. शुगरच्या माणसाला हार्ट अॅटॅकला छातीत कळ येतेच असं नाही, नुसती जळजळ, नुसता घाम, नुसता दम, एवढंच असू शकतं, हे मी स्वतः शंभर लोकांना सांगितलंय. दुसऱ्या रात्री ते गेले. एकाच घरात, एका जिन्याच्या अंतरावर. आईनं नंतर सांगितलं की त्यांना घाम येत होता पण ते म्हणाले, "तिला सांगू नको, दिवसभर दमलीय."

म्हणून तुम्हाला अडीचशे किलोमीटरवरनं कळत नाही यात मला काहीच नवल वाटत नाही. मला जिन्यावरनं कळलं नाही.

थोडं मंडळांसाठी. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे, रविवारी चाळीत नाहीतर समाजमंदिरात मीटिंग होते, वर्गणी निघते. तुमच्या वर्गणीतनं देवळाचा सभामंडप झाला, कमान झाली, यात्रेला ऑर्केस्ट्रा येतो. देवाचं करा, मीही माझी वर्गणी देते. पण येत्या मीटिंगला एक विषय म्हाताऱ्यांचा ठेवा. वाडीत एकटं राहणारं कोण कोण आहे याची यादी काढा. अशा प्रत्येक घरी न्हाणीत एक धरायचा लोखंडी दांडा, अंगणात एक सोलरचा दिवा आणि संडासाच्या वाटेवर खडबडीत फरशी, एवढं जरी मंडळानं केलं ना तरी निम्मी पडझड थांबेल. वाडीत एक बीपीचं डिजिटल मशीन, दोन हजारांच्या आसपास येतं, आशाताईंकडं नाहीतर बारावी झालेल्या एखाद्या पोरीकडं द्या, मी तिला शिकवते, पैसे नकोत.

आणि सत्तरच्या पुढच्यांचं आयुष्मानचं कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. इथं अडतं कुठं तर आधारवरच. वय आधार कार्डावरचं धरतात आणि आपल्या म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मसाल काहीही टाकलेलं असतं, बोटांचे ठसे रानात कामं करून पुसलेले, आणि मोबाईल नंबर तुमचा! म्हणजे म्हातारी इथं सेवा केंद्रात उभी आणि ओटीपी गेला घणसोलीला, तुम्ही ड्युटीवर. या यात्रेला याल तेव्हा एक दिवस त्यासाठीच काढा. खुबा मोडल्यावर कार्ड काढायला धावू नका.

शेवटचं बोलणं जरा अवघड आहे. तुमच्या आई-बापांना शेवट कुठं हवाय ते त्यांना विचारून ठेवा. मला ते सांगतात, तुम्हाला सांगत नाहीत. एक काका कॅन्सरच्या शेवटाला होते, मला म्हणाले, "मॅडम, मला आता कुठं हलवू नगा, मला माझ्या सोप्यात, समोर डोंगर दिसंल असं झोपवा." लेक आला, त्याच्यानं बघवेना, म्हणाला लोक काय म्हणतील, बापाला असाच मरू दिला? मोठ्या दवाखान्यात नेलं, नळ्या, मशीन, अकरा दिवस, हात बांधलेले कारण नळी ओढायचे. मी लेकाला दोष देत नाही, माया होती ती. पण त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं की न नेणं हीसुद्धा सेवा असते, दुखणं कमी करायची औषधं घरी देता येतात, तोंड ओलं करणं, कूस बदलणं, जवळ बसणं हाही उपचारच आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टानंही माणसाला आपल्या शेवटाबद्दल आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केलाय, २०२३ साली त्याची पद्धत सोपी केलीय. आपल्या घरात कागद कुणी करणार नाही, मला माहितीये. निदान बोला. जेवण झाल्यावर, सोप्यात, लाईट गेलेली असताना बोला, अंधारात माणसं खरं बोलतात. आणि जे बोलतील ते मला आणि भावकीतल्या एका माणसाला सांगून ठेवा.

यात्रेला या, शिमग्याला या, पण वर्षातनं एकदा जुलै-ऑगस्टमध्ये या. तेव्हाचं गाव वेगळं असतं. भात लावणी चाललेली, चार-चार दिवस लाईट नाही, दरड आली की रस्ता बंद, पाण्याचा भरवसा नाही, सरपण ओलं. यात्रेच्या गुलालात आई तुम्हाला बरीच दिसते, कारण तुम्ही आलात म्हणून ती खरंच बरी असते. पावसाळ्यात दोन रात्री तिच्यासोबत काढा, रात्री ती किती वेळा उठते ते मोजा, काय खाते ते बघा.

सलाईनवाल्या आजी आता बऱ्या आहेत, काल तांदळाची पेज खाऊन आल्या होत्या. मी त्यांच्या समोरच त्यांच्या लेकाला फोन लावला, त्या रुसल्या माझ्यावर. तो पहिल्यांदा घाबरला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही असंच सांगत जा."

तर मी आता असंच सांगणार आहे. दवाखान्यात एक नवी वही केलीय, साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटच्या नावापुढं त्याच्या एका लेकाचा किंवा लेकीचा नंबर. एकशे बारा नावं झालीत. परवा कंपाउंडरनं सगळे नंबर लावून बघितले, त्यातले एकोणतीस लागत नाहीत. तुमचा नंबर बदलला असेल तर कळवा. रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी पेशंट घेत नाही, फोनपाशी बसते.

तुमची,
दवाखान्यातली मॅडम
ता. जावळी, जि. सातारा